‘लग्नपत्रिका’ नावाच्या एपीकेत दडलंय काय? उत्तर असतं एका ‘लूप’मध्ये

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाइल आली, ती उघडली आणि बँक खातं रिकामं झालं, अशा तक्रारी गेल्या काही वर्षांत वारंवार आल्या आहेत. अशी फाइल तज्ज्ञांकडे गेली की पहिला प्रश्न असतो: हे अ‍ॅप नेमकं करतं काय?

मूळ कोड पाहता येत नाही का?

नाही. एपीकेत जावा किंवा कोटलिनमधला मूळ कोड नसतो, त्यापासून बनलेला बाइटकोड असतो. त्यावरून वाचता येईल असा कोड पुन्हा उभा करणं म्हणजे डिकंपाइल करणं. जेएडीएक्ससारखी मोफत साधनं हे काम करतात.

मग अडतं कुठे?

बाइटकोडमध्ये ‘फॉर’, ‘व्हाइल’ नसतात. असतात फक्त उड्या: ‘अट खरी असेल तर अमुक सूचनेवर जा’. उडी मागे जात असेल, तर तिथे लूप असू शकतो. पण खात्री करावी लागते. ज्या सूचनेवर उडी परत जाते, तिला टाळून उडीच्या जागी पोहोचताच येत नसेल, तर ती सूचना लूपचं दार. अट सुरुवातीला तपासली असेल तर ‘व्हाइल’, शेवटी असेल तर ‘डू-व्हाइल’.

प्रोग्राममधल्या वाटांच्या अशा विश्लेषणावर फ्रान्सिस अ‍ॅलन यांनी 1970 मध्ये पायाभूत शोधनिबंध लिहिला. ट्युरिंग पुरस्कार (2006) मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

याचा आपल्याशी काय संबंध?

एकच एसएमएस वाचणं आणि इनबॉक्समधले सगळे एसएमएस एकेक करून बाहेर पाठवणं, यात फरक एका लूपचा. तो ओळखता आला, तरच किती माहिती गेली असेल याचा अंदाज येतो.

कोड लपवणारी काही साधनं म्हणूनच लूपला मुद्दाम दोन दारं ठेवतात. जावामध्ये ‘गोटू’ वापरता येत नसल्यानं असा लूप लिहिताच येत नाही, बाइटकोडमध्ये मात्र तो चालतो. तिथे डिकंपायलर हात टेकू शकतो. मग तज्ज्ञांना एकेक सूचना वाचत बसावं लागतं, आणि तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेलेले असू शकतात.

तुम्ही काय कराल?

• लग्नपत्रिका पाहायला अ‍ॅप लागत नाही. चलन परिवहन विभागाच्या अधिकृत वेबसाइटवरच तपासा.
• पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा.
• आलेला मेसेज आणि फाइल पुसू नका. तपासाची सुरुवात तिथूनच होते.