चष्मेवाला म्हणू नका

गतमासी आमच्या बेलूरच्या शाळेत मुलांची नेत्रतपासणी झाली. धारवाडहून आलेला तरुण जेमतेम पंचविशीचा, ऑप्टोमेट्रीची चार वर्षांची पदवी घेतलेला. सहा मीटरांवर तक्ता टांगून त्याने कामास आरंभ केला. सातवीतील एका मुलीचा उजवा डोळा तिसऱ्या ओळीपुढे जाईना. तेव्हा त्याने बारीक छिद्राची काळी चकती तिच्या डोळ्यापुढे धरली. दोष केवळ चष्म्याच्या नंबरचा असेल, तर अशा छिद्रातून अक्षरे बरीच स्पष्ट होतात. ती झाली नाहीत. म्हणजे विकार डोळ्याच्या आत असण्याचा, किंवा लहानपणापासून डोळा 'आळशी' राहिल्याचा संभव.

मुलीचे वडील कानडीत म्हणाले, "चष्मा देऊन टाका, म्हणजे झालं." तरुण गप्प राहिला. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सर, मोठ्या डॉक्टरांकडे न्यायला हवं. पण माझं हे ऐकतील का? मी काही डॉक्टर नव्हे."

वाचकहो, त्याचे निदान बरोबर होते. उणीव होती ती धिटाईची. ती यावी कुठून? त्याला आपण 'चष्मेवाला' म्हणतो! १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे सरकारी आरोग्य केंद्रांत नेत्रसाहाय्यक आले. परंतु ऑप्टोमेट्रिस्टांसह अनेक आरोग्य व्यावसायिकांची दखल घेणारा केंद्रीय कायदा व्हायला २०२१ साल उजाडले. शस्त्रक्रिया हे त्याचे क्षेत्र नव्हे, हे तो जाणतो. दृष्टी मोजणे, नंबर काढणे आणि धोका ओळखून रुग्णास वेळीच पुढे धाडणे हे मात्र त्याचेच काम.

ते न झाल्यास काय होते, हे आमच्या घराने भोगले आहे. थोरल्या बंधूंची चाळिशी एका दुकानात दोन वर्षांत तीनदा बदलली गेली. डोळ्यातील दाब कुणी मोजला नाही. काचबिंदू उघडकीस आला, तोवर बाजूची दृष्टी गेली होती. ती परत येत नाही.

हे सारे मी त्या वडिलांना सांगितले, आणि तरुणाला म्हटले, "आता तुम्ही सांगा." त्याने सांगितले, प्रथम अडखळत, मग चांगले समजावून. शाळेच्या कागदावर कानडीत चिठ्ठी लिहून खाली सही केली. सोमवारी बापलेक हुबळीला जाणार आहेत. पाचवी-सहावीचे वर्ग तपासायचे राहिले आहेत. त्यासाठी त्यालाच पुन्हा बोलावले आहे.