आधी पायरी, मग मेंदू

विषमतेच्या समर्थकांना अर्थशास्त्रात आधार सापडेनासा झाला की ते प्राणिशास्त्राकडे वळतात. कळपात म्होरक्या असतोच, दुबळे मागे पडतातच. तेव्हा समतेचा आग्रह धरणे म्हणजे निसर्गाशी वैर करणे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो जुनाच आहे, आणि क्रोपोत्किनने १९०२ साली परस्परसाहाय्यावरील आपल्या ग्रंथात त्याला उत्तरही दिले होते. आता त्याच युक्तिवादावर मेंदूविज्ञानाची झूल चढविली जात आहे: वरचढाचा मेंदूच मुळात निराळा, म्हणून तो वर जातो. वस्तुतः संशोधन याच्या नेमके उलट सांगते.

अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मकाक जातीचे वीस नर प्रथम एकेकटे कोंडून ठेवले होते. डोपामीन हे रसायन मेंदूत ज्या ठिकाणी ग्रहण केले जाते, त्यांपैकी एका प्रकारच्या स्थानांचे प्रमाण मोजले गेले. मग चार-चारांचे गट करण्यात आले आणि प्रत्येक गटात वर-खाली अशी उतरंड लागली. पुन्हा मोजणी केली तेव्हा वरच्या नरांत ते प्रमाण वीस टक्क्यांहून अधिक वाढलेले होते. तळच्यांत मात्र ते होते तेथेच राहिले. म्हणजे या एका मापापुरते बोलायचे, तर समूहात तळाशी राहणे आणि एकांतकोठडीत राहणे यांत फरक पडला नाही! मुख्य मुद्दा असा की, पहिल्या मोजणीत पुढे वर जाणारे आणि खाली राहणारे यांच्यात काहीही भेद नव्हता. पायरी आधी ठरली, मेंदू नंतर बदलला.

पुढे या नरांना कोकेन मिळण्याची सोय करून दिली गेली. तळच्यांनी ते वरच्यांपेक्षा कितीतरी अधिक घेतले. मुक्या प्राण्याला पिंजऱ्यात घालून नशा पाजण्याचे समर्थन करणे कठीण आहे. परंतु त्यातून निघालेला निष्कर्ष दुर्लक्षून चालणार नाही. व्यसनमुक्तीच्या व्यासपीठावरून मजुराला ‘तू पितोस म्हणून दरिद्री राहतोस’ असे सुनावणारे वक्ते समाजवादी चळवळीतही कमी नाहीत. त्यांनी तरी या प्रयोगाकडे लक्ष द्यावे.

२०१६ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक प्रयोग पंचेचाळीस माकडिणींवर झाला. पाच-पाचांच्या गटांत ज्या आधी सोडल्या त्या वर गेल्या, मागून आलेल्या खाली राहिल्या. गुणवत्तेचा येथे संबंधच नव्हता. तळच्यांच्या रोगप्रतिकारक पेशींत दाह वाढविणारी जनुके अधिक सक्रिय दिसली. वर्षभराने गट मोडून नवे केले, पायऱ्या बदलल्या, तेव्हा जनुकांचे वर्तनही नव्या पायरीप्रमाणे पालटले.

अर्थात समाजवादाला माकडांचे प्रमाणपत्र नको आहे. मकाकांत जमीनदारी नाही, वारसाहक्क नाही आणि मतपेटीही नाही. पण ‘हे निसर्गदत्तच आहे’ या शब्दांनी चर्चा बंद करणाऱ्यांना निसर्गाचीच साक्ष काढून दाखविणे अवश्य आहे.

केनियातील मसाई मारा प्रदेशातील बबूनांचा एक कळप रॉबर्ट सापोल्स्की अभ्यासत होते. शेजारच्या कळपाच्या हद्दीत पर्यटकांच्या निवासाचा उकिरडा होता. तेथे झुंजून अन्न मिळविण्यास या कळपातील आक्रमक नरच जात. उकिरड्यावरच्या दूषित मांसातून क्षय पसरला आणि १९८३ ते १९८६ या काळात ते सारे मेले. मागे राहिले ते सौम्य नर आणि माद्या. उतरंड त्यानंतरही होती. पण वरचे नर तळच्यांना पूर्वीसारखे छळीत नसत. बबूनांचे तरुण नर जन्माचा कळप सोडून परक्या कळपात जातात. १९९३ पर्यंत या कळपातील जुना एकही नर उरला नव्हता. जे होते ते सर्व बाहेरून आलेले. तरीही सौम्य वागण्याचा तो शिरस्ता टिकून होता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदीनुसार, इतर कळपांतील तळच्या नरांच्या शरीरात आढळणाऱ्या सततच्या ताणाच्या खुणा या कळपातील तळच्या नरांत दिसल्या नाहीत.