बरं झालेल्या मुलाचं काय?

कर्जत-खालापूरकडचं एखादं मूल लोकलने परळच्या टाटा हॉस्पिटलला ये-जा करून कॅन्सरमधून बरं होतं, तेव्हा घरचे बहुतेकदा ठरवतात, आता कुणाकडे बोलायचं नाही. मुलगी असली तर जास्तच. उद्या स्थळं यायची असतात! या लपवाछपवीतून मूल शिकतं की आपला आजार म्हणजे बदनामी. शिवाय तपासण्याही सुटतात. काही औषधांचा हृदयावरचा परिणाम कित्येक वर्षांनी दिसतो. म्हणूनच टाटामध्ये १९९१ पासून उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक आहे. ‘उगम’ हा बऱ्या झालेल्यांचा गटही आहे. पण गावाचं काय? निकाह असो वा लग्न, जुना आजार कळताच आपण पाठ फिरवतो. तोवर घरच्यांनी फाइल लपवली, तर दोष एकट्या त्यांचा नाही.