मुलाम्याच्या भांड्यातली नॅनोतार

'नॅनो' शब्द कानावर पडला की आपला विद्यार्थी दबकतो. हे कोट्यवधींच्या यंत्रांचे काम, आपल्याला काय जमणार, असे त्याच्या मनावर ठसवलेले असते. ही भीती कितपत खरी आहे, हे धातूच्या नॅनोतारांच्या उदाहरणावरून तपासून पाहू.

धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याची जुनी रीत तापवण्याची. एक्स-रेच्या नळीत टंगस्टनची तार दोन हजार अंशांच्या वर तापवतात, तेव्हा इलेक्ट्रॉन सुटतात. दुसरी रीत थंड आहे. तिचे गणित फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी १९२८ साली मांडले. विद्युतक्षेत्र पुरेसे तीव्र केले की धातूच्या पृष्ठभागावरची अडथळ्याची भिंत इतकी पातळ होते की इलेक्ट्रॉन तिच्यावर न चढता आरपार निघतो. पण त्यासाठी दर मीटरला अब्जावधी व्होल्ट लागतात. सपाट पत्र्यावर ते जवळजवळ अशक्य. टोक अणकुचीदार असेल तर मात्र क्षेत्र तिथेच एकवटते आणि शेकडो पटींनी वाढते. नॅनोतारेचे मोल ते हेच.

ही तार बनते कशी? अल्युमिनियमचा शुद्ध पत्रा ऑक्झॅलिक आम्लात ठेवून सुमारे ४० व्होल्टचा दाब दिला की त्यावर ऑक्साइडचा सच्छिद्र थर चढतो. जपानच्या मासुदा आणि फुकुदा यांनी १९९५ साली ही छिद्रे मधाच्या पोळ्यासारखी शिस्तीत आणून दाखवली. हा थर सोडवायचा, एका बाजूला सोन्याचा पातळ लेप द्यायचा आणि मोरचुदाच्या द्रावणात वीज सोडायची. तांबे छिद्रांत तळापासून भरत जाते. मग ऑक्साइड कॉस्टिक सोड्यात विरघळवायचा. मागे उरते तांब्याच्या तारांचे रान. एकेक तार केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी!

आता सांगा, यात मुलामा देणाऱ्या कारागिराला परके काय आहे? द्रावण किती तीव्र असावे, प्रवाह वाढवला तर थर खडबडीत का होतो, हे त्याच्या हातांना ठाऊक असते. ज्या हातांना आपण अडाणी म्हणतो, त्यांचेच ज्ञान इथे कामी येते. राबणारा वेगळा आणि विचार करणारा वेगळा, ही विभागणी प्रयोगशाळेच्या दारातच खोटी ठरते.

अडचणी आहेतच. तारा दाटीवाटीने उभ्या राहिल्या तर एकमेकींचे क्षेत्र अडवतात. वाळताना त्या एकमेकींना चिकटून झुबके होतात. तांबे गंजते, टोके झिजतात. तारा पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि मोजमापाला उच्च निर्वात लागतो. ही यंत्रे तालुक्याच्या महाविद्यालयाला परवडणार नाहीत, हे मान्य. पण तारा बनवणे तिथे शक्य आहे आणि मोजमाप विद्यापीठात होऊ शकते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात क्षेत्र-उत्सर्जनावर अनेक वर्षे संशोधन झाले आहे. जनतेच्या पैशातून आलेल्या अशा यंत्रांवर ग्रामीण विद्यार्थ्याच्या नमुन्यासाठी ठरावीक दिवस राखून ठेवायला काय हरकत आहे?

जर्नलमध्ये दुसऱ्याची आकडेवारी उतरवून शास्त्रज्ञ घडत नाहीत. आम्ल, पत्रा आणि वीज पुरवठा विद्यार्थ्याच्या हाती द्या. पालकांनी आणि शिक्षकांनी ही मागणी प्राचार्यांकडे आणि विद्यापीठाकडे लेखी केली पाहिजे, आणि याच सत्रात केली पाहिजे.