काळी मोजली, आतां पांढरी

घर आंखण्याच्या विद्येचा आपल्याकडील उगम दोरींत आहे. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदी कशी आंखावी हें सांगणारे बौधायन-आपस्तंबांचे ग्रंथ शुल्बसूत्रें म्हणूनच ओळखले जातात. आमच्या महाळुंगे पडवळकडे गवंडी आजही दोरी, ओळंबा आणि गुण्या एवढ्यांवर चौथरा आंखतो. मोठ्या बांधकामांत मात्र दोरीची जागा संगणकानें घेतली आहे. नागपूरच्या मेट्रोचा आराखडा त्यांतच झाला. लांबी, रुंदी व उंची यांच्या जोडीला कोणतें काम केव्हां व्हावयाचें आणि त्यास खर्च किती, हेंही त्यांत गोंवलेलें होतें. अशा आराखड्यांत नळ तुळईस आडवा येत असेल, तर तें वीट रचण्यापूर्वींच दिसतें.

असो. आपल्यासारख्या कुटुंबांचा या यंत्रविद्येशीं खरा संबंध येतो तो निराळ्या ठिकाणीं, आणि तोही जुना वाडा उतरवून नवें घर बांधण्याच्या आधींच.

शेतजमीन ती काळी व गांवठाण ती पांढरी, ही आपली जुनी भाषा. काळीची शास्त्रीय मोजणी 1836 च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यांत, इंदापूर तालुक्यांत, गोल्डस्मिड व विंगेट यांनीं मार्गास लावली. बहुतेक लहान गांवांची पांढरी मात्र तशीच राहिली. शेताला सातबारा असतो; घराला ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे कर आकारणीचा कागद. तो मालकीचा पुरावा नव्हे. त्यामुळें तीन पिढ्या ज्या वाड्यांत नांदल्या, त्याच्या जागेवर नवें घर बांधूं म्हटलें तर बँक कर्ज देतांना अडून बसे.

हें उणें भरून काढण्यास ड्रोन, म्हणजे वैमानिकावांचून उडणारें लहानसें विमान, कामास आलें. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांच्या सोनोरी गांवीं, पुरंदर तालुक्यांत, त्याचा प्रयोग झाला. पुढें 24 एप्रिल 2020 रोजीं केंद्र सरकारनें ‘स्वामित्व’ योजना जाहीर केली. रीत सोपी आहे. आधीं घरोघरच्या हद्दीवर चुन्याची फक्की टाकतात. मग ड्रोन वरून एकावर एक चढणारीं छायाचित्रें घेतें, आणि संगणक तीं जुळवून नकाशा तयार करतो. त्यांतील एक ठिपका जमिनीवरील सुमारें 5 सेंटिमीटरांचा. त्यानंतर जागेवर चौकशी होते, हरकती ऐकतात, आणि मिळकत पत्रिका हातीं येते.

माझें सांगणें त्या चुन्याच्या फक्कीविषयीं आहे. यंत्र वरून छप्पर पाहतें. पागोळीखालील भिंत कोठें उभी आहे, जिना दोन्ही भावांचा कीं एकाचा, परसांतील आडावर कोणाचा हक्क, हें त्यास दिसत नाहीं. आजवर या गोष्टी तोंडी चालत. ‘माजघर तात्यांकडे, पडवी अण्णांकडे’ एवढ्यावर पन्नास वर्षें निभावत, कारण रेघ कोणीं ओढलीच नव्हती. आतां ती ओढली जाते, आणि घरीं त्या दिवशीं जो असेल तो फक्की दाखवितो. पुण्यास किंवा मुंबईस नोकरीस असलेला भाऊ दिवाळीस येतो तोंवर नकाशा झालेला असतो.

बहिणींचा प्रश्न याहून नाजूक. राहत्या घराची वांटणी मागण्यास स्त्री-वारसांना अटकाव करणारें हिंदु वारसा कायद्याचें 23 वें कलम 9 सप्टेंबर 2005 पासून रद्द झालें. वडिलोपार्जित मिळकतींत मुलीचा हक्क जन्मतःच असतो, हें सर्वोच्च न्यायालयानेंही 2020 सालीं स्पष्ट केलें. तरी घरोघरीं नांवें सांगण्याची वेळ आली म्हणजे पुरुषांचींच सांगण्याची संवय सुटलेली नाहीं. ‘ती सासरीं सुखी आहे’ हा युक्तिवाद मीं पुष्कळ ऐकला. तो कायद्यांत कोठें बसतो, हें मात्र कोणीं दाखविलें नाहीं.

तेव्हां मोजणीची दवंडी ऐकूं आली कीं पहिलें पत्र बहिणीस घालावें, दुसरें परगांवच्या भावास. सर्वांनीं एकदां बसून आड, जिना व देवघर सामाईक कीं कसें तें कागदावर लिहून सह्या कराव्या, आणि नवीन घराचा आराखडा काढावयास अभियंत्याकडे जाणें तें त्यानंतर. पत्रिका हातीं येतांच तींतील नांवें व क्षेत्र मोठ्यानें वाचून घ्यावें. चूक आढळल्यास हरकतीची मुदत टळूं देऊं नये.