घरच्या वायफायसाठी वेगळी फायरवॉल विकत घ्यावी लागते का?

मुलुंड पूर्वेची नवघर रोडवरची जुनी इमारत असो की एलबीएस मार्गालगतचा नवा टॉवर, इंटरनेट कनेक्शन घेताना चित्र साधारण सारखंच असतं. केबलवाल्याचा माणूस येतो, भिंतीवर राउटर लावतो, वायफायचा पासवर्ड म्हणून घरातल्याच कुणाचा तरी मोबाईल नंबर टाकतो आणि निघून जातो. पुढे नेट बंद पडेपर्यंत त्या डब्याकडे कुणी बघत नाही.

आज त्याच डब्यावर ऑफिसचा लॅपटॉप, मुलांचा टॅब, टीव्ही आणि दारावरचा कॅमेराही चालतो. त्यामुळे घरासाठी वेगळी फायरवॉल घ्यावी का, हा प्रश्न पडतो. बहुतेक घरांसाठी उत्तर आहे: नाही. फायरवॉल राउटरमध्ये आधीच असते. ती चालू आहे का आणि राउटरचा ताबा कुणाकडे आहे, हे मात्र बघायला हवं.

फायरवॉल काय करते?

सोसायटीचा वॉचमन आठवा. तुम्ही जेवण मागवलं असेल तर तो डिलिव्हरी बॉयला आत सोडतो. कुणीच बोलावलेलं नसेल तर गेटवर अडवतो. राउटरमधली फायरवॉल हेच करते. घरातल्या मोबाईलने मागितलेली माहिती आत येते, बाहेरून आपणहून आलेली विनंती अडवली जाते.

पण वॉचमन गेटवर असताना मागचं दार उघडं राहिलं तर?

वायफाय उघडं राहिलं तेव्हा...

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तपास पोहोचला मुलुंडपासून खाडीपलीकडे, नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाच्या वायफायचा दुसऱ्याच कुणीतरी वापर केला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीतल्या स्फोटांच्या वेळचा ईमेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायवरून गेल्याचं आढळलं.

ईमेल पाठवणारा निघून गेला, पोलीस आले ते वायफायच्या मालकाकडे. कारण बाहेरच्या जगाला दिसतो तो कनेक्शनचा पत्ता. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना काढल्या.

हजारो मोडेम बंद पडले तेव्हा...

दुसरा धडा जुलै २०१७ चा. बीएसएनएल आणि मुंबई-दिल्लीत सेवा देणाऱ्या एमटीएनएलच्या ग्राहकांचे मोडेम अचानक बंद पडू लागले. ‘ब्रिकरबॉट’ नावाचा व्हायरस मोडेममध्ये शिरून त्याचं सॉफ्टवेअरच बिघडवत होता. सुमारे ६० हजार मोडेमना फटका बसल्याच्या बातम्या आल्या. कंपनीने दुरून दुरुस्ती करण्यासाठी ठेवलेला मार्ग सगळ्या इंटरनेटसाठी उघडा होता आणि अनेक मोडेमवर कारखान्यातून आलेला ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड कायम होता. बीएसएनएलने मग ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगितलं.

मग घरी काय करायचं?

राउटरच्या तळाशी असलेल्या स्टिकरवर सेटिंगचा पत्ता असतो. तो ब्राउझरमध्ये टाका आणि एवढं तपासा:

• दोन पासवर्ड बदला. एक वायफायचा, दुसरा राउटरच्या सेटिंगचा. दुसरा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

• वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. बटण दाबून जोडणारी डब्ल्यूपीएस सोय बंद करा.

• फायरवॉल चालू आहे ना ते बघा, आयपीव्ही६ साठीचीही. आयपीव्ही६ मध्ये घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. तिथे ही फायरवॉल जास्त महत्त्वाची.

• ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद ठेवा. ‘यूपीएनपी’ही गरज नसल्यास बंद करा. त्यामुळे घरातलं एखादं गेम किंवा कॅमेरा न विचारता बाहेरचं दार उघडू शकतो.

• पाहुणे, टीव्ही आणि कॅमेरे ‘गेस्ट नेटवर्क’वर टाका.

• राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट करा. अपडेट येणंच थांबलं असेल तर फायरवॉलवर खर्च करण्याऐवजी नवा राउटर घ्या.

लॅपटॉपवर विंडोजची स्वतःची फायरवॉल असते, ती बंद करू नका. घरातूनच सीएचं काम किंवा दवाखाना चालत असेल आणि लोकांची कागदपत्रं तिथल्या कॉम्प्युटरवर असतील, तर मात्र वेगळ्या फायरवॉलचा खर्च करण्यात अर्थ आहे. एरवी ती आणली आणि नीट लावली नाही, तर उपयोग शून्य.

फायरवॉल काय थांबवत नाही?

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल तुम्ही स्वतः उघडली किंवा फोनवर ओटीपी सांगितला, तर फायरवॉल काही करू शकत नाही. तो माणूस तुम्हीच आत बोलावलेला असतो. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. फोन किंवा कॉम्प्युटरमध्ये व्हायरसची शंका असेल तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत टूल्स वापरता येतात.

राउटरचा ताबा कुणाकडे?

अनेक घरांत राउटर कंपनीचा असतो आणि सेटिंगचा पासवर्ड केबलवाल्याकडे. म्हणजे सूचना ग्राहकाला, पण अधिकार दुसऱ्याकडे. त्यामुळे पुढच्या वेळी तो बिल घ्यायला किंवा दुरुस्तीला आला की तीन प्रश्न विचारा: सेटिंगचा पासवर्ड काय आहे, फायरवॉल चालू आहे का आणि शेवटचा अपडेट कधी झाला? उत्तर मिळालं नाही, तर हेच प्रश्न कंपनीकडे लेखी तक्रार म्हणून पाठवा. पोलीस दारात आले तर ते दार तुमचंच असणार आहे.