नखांचा थाट

घरांतील एका वाङ्निश्चयानिमित्त सुनालेकींसमवेत मालवणांतील नखें रंगविण्याच्या एका दुकानांत जाण्याचा योग आम्हांस नुकताच आला. दिव्याखालीं घट्ट होणाऱ्या जेलचें सर्वांस मोठें कौतुक वाटलें. परंतु चार दिवस लोटले नाहींत तोंच संकष्टीचे मोदक वळतांना रंगाचे पापुद्रे सुटूं लागले. हा रंग अ‍ॅसिटोनमध्यें भिजवून सैल करावयाचा असतो. दुकानदारानें वेळ वांचविण्यासाठीं तो कानशीनें खरवडला. त्याबरोबर नखाचा वरचा थरहि गेला, आणि पुढें आठवडाभर सुनेस ऊन पाण्यांत बोटें घालवेनात.

रंगाशीं आमचें वैर नाहीं. मेंदीनें आपल्याकडे नखें रंगतच आलीं आहेत. पण मेंदी नखांत मुरते व नखाबरोबर वाढून निघून जाते; जेल नखावर बसतो, म्हणून तो उतरविण्यांतच खरें कसब आहे. हाताचें नख महिन्यास सुमारें ३ मिलिमीटर वाढतें. अर्थात् घटकाभराच्या घाईची भरपाई होण्यास ६ महिने लागतात! नखाच्या मुळाशीं असलेली पातळ त्वचाहि कापूं देऊं नये. सिंधुदुर्गाच्या तटानें समुद्र थोपवावा, तशी ती रोगजंतूंस थोपविते. यास्तव भगिनींनीं रंगाची छटा निवडण्यापूर्वीं तो काढणार कसा, हें दुकानदारास अवश्य विचारावें.